तुटलें आहे कोठें?

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमांत जाऊन आलेल्या मनुष्यास तेथील साध्या मातीच्या कुट्या जशा लक्षांत राहतात, तशीच आणखी एक वस्तु लक्षांत राहते. ती म्हणजे तेथला जुना टेलिफोन. १९३६ सालीं गांधीजी शेगांवीं राहावयास आले, १९४० मध्यें त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या कारकीर्दींत, सरकारास गांधीजींशीं तांतडीनें बोलतां यावें म्हणून, या आडगांवीं टेलिफोनची तार आणण्यांत आली. राजधानीचा आवाज खेड्यांतल्या कुटींत येऊं लागला. अट एकच होती : मधला एकहि दुवा निखळतां कामा नये.

आज त्याच जिल्ह्यांत आर्वी, पुलगांव, देवळी, हिंगणघाट येथील कित्येक घरीं संगणक आहे, भिंतीवर राउटर आहे, आणि कानाला लावावयाचा बिनतारी हेडफोनहि आहे. (आर्वी म्हटल्यावर पुष्कळांस 'विक्रम' या उपग्रह-भूकेंद्राची आठवण होते. १९७१ सालचें तें केंद्र पुणें जिल्ह्यांतल्या दुसऱ्या आर्वीचें. वर्धा जिल्ह्यांतल्या आर्वीनें त्याचें श्रेय घेऊं नये!) दुवे पूर्वीपेक्षां कमी झालेले नाहींत, उलट वाढले आहेत, फक्त ते डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणूनच त्यांतला एखादा तुटला म्हणजे घरांत मोठी धांदल उडते.

समजा, मुलीच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख आहे, रात्रीचे नऊ वाजले आहेत, आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं, 'इंटरनेट नाहीं'. वडील कंपनीस दोष देतात. मुलगा राउटर बंद करून चालू करतो, संगणक बंद करून चालू करतो, आणि शेवटीं राउटरच्या पाठीमागच्या बारीक छिद्रांत टाचणी खुपसून त्याची सर्व मांडणी पुसून टाकतो. मग जें दहा मिनिटांत सांपडलें असतें तें दोन दिवस सांपडत नाहीं. याहून वाईट प्रकार पुढेंच आहे. आजोबा मोबाइलवर कंपनीचा तक्रार-क्रमांक शोधतात आणि सर्वांत वर दिसेल त्या क्रमांकास फोन लावतात. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीनें म्हणतो, 'काका, कांहीं काळजी करूं नका. एवढें एक ॲप घ्या, त्यांतला नऊ आंकडी क्रमांक वाचून दाखवा, येथूनच दुरुस्त करून देतों.' त्या क्रमांकाबरोबर आपला पडदा परक्याच्या हातीं जातो, आणि पेन्शनचें खातें रिकामें होतें. फेब्रुवारी २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें देशांतील बँकांस याच प्रकाराविषयीं सावध केलें होतें. अशा फसवणुकीची खबर देण्यासाठीं आतां १९३० हा सरकारी क्रमांक आहे, आणि तेथें पहिल्या तासाभरांत फोन गेला तर पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक असतो. परंतु खबर देण्याची पाळीच न यावी हें बरें. जोडणी स्वतः तपासतां येणें म्हणजे दाराला आंतून कडी घालतां येणें होय.

ही विद्या नवी नाहीं. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण तारमास्तरांची रीत संगणकाच्या उपयोगीं पडते. मुंबईपर्यंत संदेश पोंचत नाहीं असें दिसलें म्हणजे शहाणा तारमास्तर मुंबईस दोष देत बसत नसे. आधीं आपल्या टेबलावरचें यंत्र, मग बॅटरी, मग जवळची कचेरी, मग त्यापुढची, अशी एकेक पायरी तो तपाशी. आणि जेथें उत्तर थांबे तेथें दोष आहे असें ठरवी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा दुसरा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम सुरू झालें, तर कोणतीनें झालें हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं.

तर पहिली पायरी दिव्यांची. घरांत कांचतंतूची, म्हणजे फायबरची, जोडणी असेल तर त्या पेटीवर इंग्रजी 'एल-ओ-एस' अक्षरांचा एक दिवा असतो. जोडणारे लोक त्यास 'लॉस' म्हणतात. तो तांबडा लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच बंद आहे. संगणकाशीं खटपट करणें व्यर्थ. कंपनीसच कळवावें, आणि तेंहि बिलावर छापलेल्या क्रमांकावर. दिवा ठीक असेल तर दोष घरांत असण्याचा संभव वाढतो.

दुसरी पायरी पत्त्याची. विंडोजच्या संगणकावर विंडोजचें बटण व 'आर' हीं एकत्र दाबून 'सीएमडी' असें लिहिलें म्हणजे एक काळी चौकट उघडते. तींत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली कीं संगणकास मिळालेला पत्ता दिसतो. तो १९२.१६८ अशा आंकड्यांनीं सुरू होत असेल तर बहुधा राउटरनें त्यास घरांत घेतलें आहे. पण १६९.२५४ असे आंकडे दिसले, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाहीं आणि संगणकानें स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे असें समजावें. म्हणजे दोष संगणक आणि राउटर यांच्या मधोमध आहे. त्याच यादींत 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून जो पत्ता असतो तो राउटरचा. तो कागदावर टिपून ठेवावा.

यापुढचें काम 'पिंग' करतें. पाणबुडीचा शोध घेणारें यंत्र पाण्यांत ध्वनि सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतें, त्या ध्वनीवरून हें नांव पडलें. अमेरिकेच्या सैन्याच्या प्रयोगशाळेंतील माइक म्यूस यांनीं डिसेंबर १९८३ मध्यें हा छोटा कार्यक्रम लिहिला, आणि जगांतले जाळेवाले अद्याप तोच वापरतात. 'पिंग' लिहून पुढें पत्ता द्यावा. संगणक त्या पत्त्यास चार हांका मारतो आणि प्रत्येक ओ यावयास किती सहस्रांश सेकंद लागले तें सांगतो. पहिली हांक १२७.०.०.१ ला. हा पत्ता म्हणजे संगणक स्वतःच. आपणच आपणांस हांक मारून आपण जागे आहों ना हें पाहावयाचें. दुसरी हांक गेटवेला. तिसरी ८.८.८.८ ला, जो गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. चौथी एखाद्या संकेतस्थळास, त्याच्या नांवानें.

या चार उत्तरांवरूनच बहुतेक सर्व निदान होतें. गेटवेकडून ओ येत नाहीं, तर दोष खोलींतच आहे. गेटवे बोलतो पण ८.८.८.८ बोलत नाहीं, तर दोष घराबाहेर. आणि आंकड्यांच्या पत्त्यास उत्तर येतें पण नांवानें हांक मारल्यास येत नाहीं, हा प्रकार तर फारच चमत्कारिक : रस्ता उघडा आहे, पण नांवाचा पत्ता करून देणारी 'डीएनएस' ही व्यवस्था अडली आहे. अशा वेळीं जोडणीच्या मांडणींत जाऊन डीएनएसचा पत्ता बदलला कीं नेट सुरू होतें, आणि कंपनीस शिव्या देणारे गप्प बसतात. एक सावधगिरी मात्र हवी. कांहीं संगणक व संकेतस्थळें सुरक्षिततेसाठीं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहींत. तेव्हां एकानें ओ दिली नाहीं म्हणून तो मेला असें ठरवूं नये, दुसऱ्यास विचारावें.

नेट कायमचें तुटलेलें परवडतें. अधूनमधून तुटणारें अधिक छळतें. कारण माणूस तपासावयास बसला कीं तें नेमकें चालू असतें! यासाठीं आज्ञेच्या शेवटीं आडवी रेघ व 'टी' लावल्यास पिंग थांबवीपर्यंत चालतें, व त्याचा निकाल फाइलींत उतरवून घेतां येतो. मधेंच ओ येणें तुटलें असेल तर तें मग वहीसारखें वाचतां येतें. वायफायचा मागील तीन दिवसांचा अहवालहि विंडोज तयार करून देतो. त्यासाठीं काळी चौकट 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' अशी आज्ञा द्यावी लागते. असा अहवाल वाचला म्हणजे कधीं कधीं अनपेक्षित आरोपी सांपडतो. विदर्भांत तो कूलर असूं शकतो. वैशाखांत ऊन पंचेचाळीस अंशांवर गेलें कीं पत्र्याचा, पाण्यानें भरलेला कूलर खिडकीशीं येऊन बसतो. पत्रा आणि पाणी हीं दोन्ही वायफायच्या लहरींचीं शत्रु. आणि राउटर नेमका त्याच्या पाठीमागें राहिला असेल, तर चैत्रापर्यंत चाललेलें नेट वैशाखांत कां मंदावलें याचा उलगडा कोणास होत नाहीं. राउटर दोन हात सरकवून पुन्हा पिंग करावें आणि आंकडे ताडून पाहावे.

ब्लूटूथची गोष्ट थोडी निराळी. दहाव्या शतकांत डेन्मार्कांतील विखुरलेले लोक एका राज्यांत आणणाऱ्या हॅराल्ड ब्लूटूथ राजाचें नांव या तंत्रास दिलेलें आहे. १९९८ सालीं कंपन्यांचा जो संघ स्थापन झाला त्यानें तें रूढ केलें. हें तंत्र वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत बोलतें, आणि गर्दींत आवाज हरवूं नये म्हणून मूळच्या ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळां उड्या मारीत जातें. तरी गर्दी गर्दीच. हेडफोन तुटक वाजत असेल तर वायफाय क्षणभर बंद करून ऐकावें. आवाज सुधारला तर दोघांची टक्कर होत आहे. राउटरची जोडणी ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावी किंवा संगणकास तार लावावी. ब्लूटूथचा छोटा खिळा यूएसबीच्या निळ्या खांचेशेजारीं बसविलेला असेल, तर त्या जलद खांचेचाहि गोंगाट त्यास बाधतो. हातभर जोडतार लावून तो दूर नेला कीं बहुधा भागतें.

'जोडलेलें' आणि 'चालू असलेलें' यांत लोक गोंधळ करतात. एकदां ओळख करून दिलेलें यंत्र यादींत कायम राहतें. तें या घटकेस बोलत आहे असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय तोच हेडफोन शेजारच्या खोलींतल्या काकांच्या मोबाइलनें आधींच धरून ठेवलेला असतो. आणखी एक तक्रार वरचेवर ऐकूं येते : गाणें छान ऐकूं येत होतें, ऑनलाइन वर्ग सुरू होतांच आवाज टिनपाटासारखा झाला, हेडफोन बिघडला! हेडफोन बिघडलेला नसतो. नुसतें ऐकण्याची रीत वेगळी आणि ऐकतां ऐकतां बोलण्याची रीत वेगळी. त्याचा माइक उघडला कीं ब्लूटूथ दुसऱ्या रीतीवर जातें आणि अरुंद वाटेंतून दोन्हीकडचा आवाज न्यावा लागल्यामुळें गोडी जाते. आवाजाच्या मांडणींत माइक म्हणून संगणकाचा स्वतःचा माइक निवडावा, आणि हेडफोनकडे फक्त ऐकण्याचें काम ठेवावें. नवा हेडफोन विकत आणण्यापूर्वीं ही एक चाचणी जरूर करून पाहावी. तिला दोन मिनिटें लागतात आणि पैसा लागत नाहीं.