मुलकी, गैरमुलकी आणि मताचा हक्क

जाफराबाद तालुक्याची शीव ओलांडली कीं बुलढाणा जिल्हा लागतो. आज ती दोन जिल्ह्यांची शीव आहे. १९४८ पूर्वीं ती दोन राजवटींची होती. अलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले, पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. भाषा मात्र दोहींकडे मराठीच होती.

परका कोणास म्हणावें, हा प्रश्न हैदराबाद संस्थानांत जुना आहे. १९१९ च्या फर्मानानें सरकारी नोकरीस मुलकी असण्याची अट घातली. बाहेरून आलेल्यास मुलकी ठरावयाचें तर १५ वर्षें कायम वास्तव्य करावें लागे, आणि मूळ गांवीं परतण्याचा विचार सोडल्याचें प्रतिज्ञापत्र द्यावें लागे.

२६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली व नागरिकत्व एकच झालें. १९५१-५२ च्या निवडणुकींत पुण्याहून येऊन राहिलेला शिक्षक आणि जाफराबादेंत जन्मलेला शेतकरी यांच्या मतांचें मोल सारखें ठरलें. तरीही १९५२ सालींच हैदराबादेंत गैरमुलकींविरुद्ध आंदोलन पेटलें. गोळीबार झाला, माणसें प्राणांस मुकलीं. तक्रार मताविषयीं नव्हती, नोकरीविषयीं होती. शेजारी मत देतो याचें लोकांस वैषम्य वाटत नाहीं; आपली भाकर जाईल, ही भीति त्यांना अस्वस्थ करते.

परदेशी रहिवाशांस मताचा हक्क द्यावा काय, या वादांतही तीच भीति दिसते. आपल्या घटनेचें ३२६ वें कलम हा हक्क केवळ नागरिकांस देतें. न्यूझीलंडनें १९७५ सालीं तो कायम रहिवाशांस दिला. स्वीडननें १९७६ सालीं, तीन वर्षें राहिलेल्या परदेशीयांस, स्थानिक निवडणुकींपुरता. लंडनांत स्थायिक झालेला मराठी माणूस भारतीय नागरिक राहूनही पार्लमेंटसाठीं मत देऊं शकतो, कारण तेथील कायद्यानें राष्ट्रकुलांतील नागरिकांस तो हक्क आहे. पुण्यांत राहणाऱ्या इंग्रजास मात्र येथें मत नाहीं.

देशाचें धोरण ठरविणारें मत, उद्यां निघून जाणाऱ्याच्या हातीं कसें द्यावें, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु नगरपालिकेची पाणीपट्टी वर्षानुवर्षें भरणाऱ्यानें नळाविषयीं बोलूं नये, असें म्हणणें निराळें. दोन्ही प्रश्न एकत्र केल्यानें वाद वाढतो, निर्णय होत नाहीं.

कायदा वास्तव्याचीं वर्षें मोजतो. दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यांतील माणूस मात्र एवढेंच विचारील: विहीर आटल्यावरही हा येथेंच राहील काय? जो राहतो, त्यास गांव फार दिवस परका म्हणत नाहीं.