गोळ्या सहा महिन्यांच्या

आज आपण क्षयाच्या औषधाविषयी बोलू. कुणी क्षय म्हणतो, कुणी टी.बी. म्हणतो. रोग एकच.

हा रोग शापाने होत नाही, की करणीने होत नाही. तो जंतूने होतो. रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरने 1882 साली हा जंतू शोधून दाखवला. रोगी खोकला की जंतू हवेत उडतो आणि दुसऱ्याच्या छातीत शिरतो. आपल्या सोलापूरकडे माग आणि विड्या यांवर पुष्कळांचे पोट. खोली लहान, खिडकी बंद, माणसे दाटीने बसलेली. त्यातून विडीचा धूर आणि पोटाला कमी. अशा ठिकाणी या जंतूचे चांगलेच फावते.

पूर्वी या रोगावर औषधच नव्हते. ज्याच्या गाठीला पैसा, तो मिरजेजवळ वानलेसवाडीच्या दवाखान्यात जाऊन पडे. गरिबाने घरीच झिजावे. 1943 साली अमेरिकेत पहिले चांगले औषध सापडले. पुढे 1956 साली मद्रासला डॉक्टरांनी एक गोष्ट पडताळून पाहिली. काही गरीब रोगी दवाखान्यात ठेवले आणि काहींना घरीच ठेवले. औषध दोघांनाही तेच, वर्षभर. दवाखान्यातल्यांना खाणे चांगले, विश्रांती पुरी. तरी घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले! म्हणजे मुख्य काम औषधाचे. आम्हांला ही हकीकत फार मोलाची वाटते. गरिबाच्या झोपडीतही हा रोग बरा होतो, पण गोळी रोज पोटात गेली पाहिजे.

आता औषधे सुधारली. साध्या क्षयाला सहा महिने पुरतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. एकाच गोळीत ती मिसळलेली असतात. किती गोळ्या घ्यायच्या ते माणसाच्या वजनावर ठरते. म्हणून शेजाऱ्याला चार आहेत तर मला तीनच का, असे भांडू नये. आणि आपल्यातल्या दोन शेजाऱ्याला खोकल्यासाठी देऊ तर मुळीच नये.

खरी अडचण येते ती दुसऱ्या महिन्यात. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मागावर काम करीत. गोळ्या सुरू केल्या आणि महिन्या-दीड महिन्यात ताप गेला, खोकला गेला, भाकरी गोड लागू लागली. गडी म्हणाला, "गुरुजी, आता मला काय झालंय? कशाला रोज मूठभर गोळ्या गिळू?" त्याने गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी पुन्हा खोकला, थुंकीत रक्त. तपासले तेव्हा पहिल्या औषधांना जंतू दाद देईना. मग दुसरी, कडक औषधे द्यावी लागली. तीही फार दिवस. आणि तेवढ्या काळात घरातल्या लहान मुलीलाही रोग लागला.

असे का झाले? जे जंतू भराभर वाढतात ते आधी मरतात. म्हणून माणसाला बरे वाटते. पण काही जंतू जणू झोपी गेलेले असतात. ते हळूहळू मरतात. त्यांच्यासाठीच पुढचे चार महिने. शेतातली हरळी तुम्ही जाणताच. वरून खुरपली, रान स्वच्छ दिसले, पण काशा खाली राहिल्या तर पहिल्या पावसात पुन्हा हिरवी. इथे तर त्याहून वाईट. अर्धवट औषधातून जे जंतू वाचतात, ते त्या औषधाला सोसणारे असतात. पुढे तेच वाढतात आणि तेच दुसऱ्याच्या छातीत जातात.

काही जण भिऊन औषध सोडतात. या गोळ्यांनी लघवी तांबूस-केशरी होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, सारखी ओकारी झाली, नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टर सांगतील. दारू पिणाऱ्याचे यकृत आधीच दुबळे असते. त्याने या सहा महिन्यांत तरी बाटलीला हात लावू नये. एक दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. आशाताईंना विचारा.

या औषधाला सरकारी दवाखान्यात पैसा पडत नाही. उलट खाण्यापिण्यासाठी रोग्याच्या बँकेच्या खात्यावर पैसे येतात. 2018 साली महिन्याला 500 रुपये ठरले होते. नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ते शेंगदाणे, डाळ, अंडी यांवर खर्च करा. घरच्या कर्त्याने ते दुसरीकडे वळवू नयेत, एवढे आम्ही बायकांनाही सांगून ठेवतो.

आता शेवटचे, आणि ते आपल्या भागाला फार लागू आहे. पंढरीला पायी निघालात, तर गोळ्या पडशीत घ्या. विठोबा काही औषध सोडा म्हणत नाही. पण ऊसतोडीला जाणाऱ्यांचे काय? दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, ती चार-पाच महिने परत येत नाही. नेमके औषध तिथेच तुटते. यावर उपाय आहे. प्रत्येक रोग्याचे नाव सरकारी नोंदीत असते. त्याला निक्षय क्रमांक म्हणतात. तो कागदावर लिहून जवळ ठेवा. आता तुम्हांला लिहिता येतेच. कारखाना सांगलीकडे असो की कर्नाटकात, तो आकडा दाखवून तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या मिळवता येतात. मात्र निघण्याआधी आठ दिवस आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन सांगा, कुठे चाललो, किती दिवसांसाठी. तिथल्या दवाखान्याचे नाव विचारून घ्या आणि मुकादमालाही सांगून ठेवा, की महिन्यातून एक दिवस मला दवाखान्यात जायचे आहे.