शेत सोडले, पुढे काय?

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय अर्थशास्त्राचा असला तरी तो आपल्या घरातलाच आहे. शेतीवरील जादा माणूस दुसऱ्या उद्योगात गेला पाहिजे, हा विचार बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंधात मांडला. चौघांचे काम आठजण करतात तेव्हा चौघांचे श्रम वाया जातात. नुसते जमिनीचे तुकडे जोडून हा रोग हटणार नाही. उद्योगधंदे वाढवून जादा हातांना काम द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. याच धर्तीचा सिद्धांत आर्थर लुईस यांनी 1954 साली मांडला आणि 1979 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या वाडवडिलांनी ही वाट आधीच धरली होती. वतनाच्या तुकड्याबरोबर गावकीची राबणूक गळ्यात पडे. म्हणून गिरण्या, रेल्वे, गोदी त्यांना जवळची वाटली. पण गिरणीच्या दारातही जात उभी होती. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली चांगल्या मजुरीचे विणकाम खाते आपल्या माणसांना बंद होते. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. शेत सोडणे ही अर्धीच वाट. पुढे कोणते दार उघडते, हे महत्त्वाचे.

सरकारी श्रमबल पाहणीनुसार 2018-19 साली देशातील 42.5 टक्के कामकरी शेतीत होते. 2020 च्या टाळेबंदीत शहराकडे गेलेली पावले मागे वळली. 2019-20 साली हे प्रमाण 45.6 झाले आणि 2023-24 सालीही ते 46.1 टक्के होते. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र पाचव्या भागाहून कमी.

असे का व्हावे? आम्ही बँकेत कारकुनी करतो. कर्ज मागायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पगाराच्या दाखल्याचा असतो. बांधकामावर राबणाऱ्याकडे तो नसतो. त्याने शेत सोडले, पण रोजंदारी सुटली नाही. फक्त जागा बदलली. काम थांबताच त्याला गावची वाट धरावी लागते.

विद्यार्थी मित्रहो, पदवी जरूर घ्या. पण तिच्या जोडीला हाताला हुन्नर हवा. वीजकाम, यंत्रकाम, हिशेब, संगणक, काहीही चालेल, पण पक्के शिका. आम्ही केवळ कला शाखेच्या पदवीवर नोकरीला लागलो. आज तेवढ्यावर भागत नाही.

आणि सभासदहो, वर्षात 90 दिवस काम केलेल्या बांधकाम कामगाराला राज्याच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणाला साहाय्य मिळते. आपल्याच वस्तीत अशी नोंद नसलेली माणसे आहेत. रविवारी वंदनेनंतर तासभर विहारात बसून त्यांचे अर्ज आपण भरून देऊ या. तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली. ती दुसऱ्याला मिळवून देणे हेही धम्मकार्यच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!