एकादशीचं दुकान
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)





माझं शिक्षण चौथी. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर दोन एकर ऊस करतो आणि बोलावणं आलं की कीर्तनाला उभा राहतो. वडलांच्या मागं टाळ धरून जे कानावर पडलं तेवढीच माझी विद्या. त्यामुळं बोलण्यात काही वेडंवाकडं आलं तर पदरात घ्या.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. म्हणून मागच्या बैठकीत ठरलं, की आठवण म्हणून काहीतरी कायमचं करायचं. कुणी म्हणालं स्वयंपाकाची नवी भांडी घ्या, कुणी म्हणालं तंबू घ्या. तेवढ्यात तरुण मंडळींनी एक अर्ज वाचला. ग्रामपंचायतीनं ठराव करावा, की इथून पुढं प्रत्येक एकादशीला गावातली सगळी दुकानं बंद, पालखी तालुक्यात असेल तितके दिवस मटणाची दुकानं बंद, आन् जो उघडेल त्याला दंड. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला म्हणाले, बुवा, सोहळ्यात तुम्ही या अर्जाच्या बाजूनं बोला.

बोलायला तर उभा राहिलोय. पण बाजूनं बोलायला जीभ वळत नाही. का वळत नाही, ते आज सांगून टाकतो. चाळीस वर्षं ते पोटात ठेवलंय.

मी तेव्हा पंचविशीत होतो. गावात सप्ताह बसला होता. एकादशी आली आन् नेमका बाजारचा दिवस. आम्ही पंधरा-वीस पोरं, गळ्यात टाळ, मनात मोठा जोर. सकाळी पारायणावरून उठलो आणि बाजारात शिरलो. चहाचं हॉटेल बंद करायला लावलं. कासारणीनं मांडलेल्या बांगड्या उचलायला लावल्या. मग गेलो खाटीकमामाकडं. त्यानं पहाटेच बकरं कापलं होतं. आम्ही फळीपुढं उभं राहून टाळ वाजवायला लागलो. तो एक शब्द बोलला नाही. फडकं टाकलं, सुरी पुसली आणि दार ओढून घेतलं. आम्ही जयघोष करत देवळात आलो. वाटलं, केवढा धर्म केला!

त्या काळी गावात फ्रिज कुठं होता? बर्फ आणायचा तर बारामतीला जावं लागायचं. संध्याकाळी मी शेताकडं निघालो तर वेशीबाहेर मामा खड्डा खणत होता. सगळं मांस त्यानं त्यात पुरलं. म्हंजे बघा, जीव जायचा तो गेलाच, वर कुणाच्या पोटालाही लागला नाही, आणि त्याच्या घरी आठवडाभराचा पैसा आला नाही. मी मान खाली घालून पुढं गेलो.

पुढं पाच-सहा वर्षांनी मी कीर्तन करायला लागलो. लोकांना दया, क्षमा, शांती सांगायचो आणि तो खड्डा डोळ्यांपुढं यायचा. एक दिवस धीर केला, मामाच्या घरी गेलो, पाय धरायला वाकलो. त्यानं मला वर उचललं आन् म्हणाला, "बुवा, तुम्ही आदल्या दिवशी येऊन सांगितलं असतं तर मी बकरं धरलंच नसतं. मलाबी एकादशी कळती." बस्, एवढंच. त्या दिवसापासून मी कुणाचं दुकान बंद करायला गेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुवांची एक चूक झाली म्हणून धर्माचं काम सोडायचं का? तर मग तुकोबारायांकडंच जाऊ. आपण ज्यांच्या पालखीबरोबर चालतो ते कोण होते? दुकानदार. देहूच्या बाजारपेठेची महाजनकी त्यांच्या घरात होती. वाण्याचं दुकान, देणंघेणं, सावकारी, सगळं होतं. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला, घरातली माणसं अन्नावाचून गेली, धंदा बसला. त्यातून ते विठ्ठलाकडं वळले आणि लोकांच्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपल्या लेकरालाही माहीत आहे. पण त्या गोष्टीतला एक भाग आपण घाईत सोडून देतो. तुकोबांना भाऊ होता, कान्होबा. खतं बुडवायच्या आधी त्यांनी वाटणी केली. अर्धी कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. भावाला म्हणाले नाहीत, की मला वैराग्य झालंय तेव्हा तुझीही खतं आण इकडं. भावाला बायकापोरं होती, संसार होता. त्याचा वाटा त्याच्या हातात ठेवला.

मायबापहो, माझं सगळं बोलणं या एका गोष्टीत आहे. सोडायचं ते आपल्या वाट्याचं सोडायचं. एकादशीला मी माझं दुकान बंद ठेवलं तर तो माझा नेम. मी शेजाऱ्याचं दुकान बंद केलं तर उपास मी केला आणि भूक त्याला दिली.

हिशेब पण बघा. वर्षाला एकादश्या २४. अधिक महिना आला की २६. जवळजवळ महिनाभर दुकान बंद. ज्याचं मोठं दुकान आहे, गोदाम भरलेलं आहे, तो सोसेल. पण जी बाई सकाळी व्याजानं पाचशे रुपये उचलते, कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेते आणि संध्याकाळी विकून फेडते, तिनं काय करायचं? जुडी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही आणि व्याजही थांबत नाही.

आणि आपणच आठवून बघा. पालखी उंडवडीहून बारामतीत येते, शारदा प्रांगणात मुक्काम पडतो, तेव्हा आपण काय काय धुंडतो? कुणाची चप्पल तुटलेली असते, कुणाला अंगावर घ्यायला मेणकापड पाहिजे, कुणाच्या पायाला फोड, कुणाची साखरेची गोळी संपलेली. स्वयंपाकाला मीठ-मिरची पाहिजे, भाजी पाहिजे. त्या दिवशी पेठ बंद असती तर आपली दिंडी दुसऱ्या दिवशी सणसरपर्यंत तरी पोचली असती का? दुकान उघडं होतं म्हणून वारी चालली. मग आपल्या सोयीचं दुकान चालू आणि दुसऱ्याच्या पोटाचं बंद, हा न्याय कसा?

काटेवाडीला काय होतं ते आपण दरसाल बघतो. परीट बांधव पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतात. मेंढपाळ आपल्या मेंढ्या आणतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. ही माणसं धंदा टाकून आली का? धंदा घेऊनच देवापुढं आली. आपल्या संतांनीही तेच केलं. सावता महाराज मळ्यात, गोरोबा मडक्यापाशी, सेना महाराज धोकटी घेऊन, नरहरी महाराज सोन्याच्या दुकानात. इतकंच काय, तुकोबारायांनी आपल्या अभंगात सजन कसायाचं नाव घेतलंय. देव त्याला मांस विकायला हातभार लावत होता, असं ते सांगतात. मी माळकरी आहे. मांसाला शिवत नाही, शिवणार नाही, आणि ज्याला सोडायचंय त्यानं सोडावं म्हणून कीर्तनात हात जोडतो. पण ज्या दुकानात जायला देवाला कमीपणा वाटला नाही, त्या दुकानाला दंड करायला मी कोण?

आपल्या पखवाजाची पुडी कशाची असते? शेळीच्या कातड्याची. वादी कशाची? चामड्याची. ते कातडं आकाशातून पडत नाही. पखवाजावर थाप पडली की मला खाटीकमामा आठवतो, हे खरं सांगतो.

आता तरुण मंडळी म्हणतात, सरकारच बंद करतं, मग आपण केलं तर काय बिघडलं? आपल्या दिंडीत एक वकीलसाहेब आहेत, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, १९४८ चा जुना कायदा होता त्यात दुकानाला आठवड्यातला एक दिवस बंद ठेवावाच लागे. २०१७ साली महाराष्ट्रात नवा कायदा झाला. आता दुकान बाराही महिने उघडं ठेवता येतं, मात्र कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावी लागते. आणि जिथं हुकमानं मटण-मच्छी बंद केली तिथं भांडणंच झाली. २०१५ साली मुंबईत पर्युषणाच्या दिवसांत बंदी घातली, ते हायकोर्टापर्यंत गेलं. २०२५ साली कल्याण-डोंबिवलीत १५ ऑगस्टला मांसाची दुकानं बंद ठेवायचा हुकूम निघाला, त्याच्यावरून राज्यभर गदारोळ झाला. त्यात जैन बांधवांचा अहिंसेचा भाव खरा आहे, त्याला माझा नमस्कार. पण हुकूम आला की भाव मागं राहतो आणि भांडण पुढं येतं.

आणि हुकमावाचून काय होतं तेही आपण बघितलं. २०२२ साली १० जुलैला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पुढच्याच वर्षी २९ जूनला परत तसंच. काही लोकांना वाटलं, आता काहीतरी पेटणार. पण राज्यात ठिकठिकाणी मुसलमान बांधवांनी बैठका घेतल्या आणि ठरवलं, नमाज आजच पढू, कुर्बानी एकादशी सोडून पुढच्या दिवशी करू. त्यांच्या धर्मात त्याला तीन दिवसांची सवड आहे. पंढरपुरातही तसंच ठरलं. कुणी त्यांच्या दारात टाळ वाजवला नव्हता. त्यांनी आपल्या एकादशीला जो मान दिला, तो दंडाच्या पावतीनं मिळाला असता का?

एक अडचण मात्र खरी आहे, ती मी झाकत नाही. एक माउली मला म्हणाली, "बुवा, डोक्यावर तुळस आन् डोळ्यांपुढं टांगलेलं बकरं, जीव कसानुसा होतो." तिचंही खरं आहे. त्याला उपाय खाटीकमामानं सांगितलाच आहे. आदल्या दिवशी जा. त्याच्या ओट्यावर बसा. चहा प्या. म्हणा, मामा, उद्या दिंडी इथून जाणार, तेवढ्या वेळापुरता पडदा टाका. त्याची खुशी असली तर तो दिवसभरही बंद ठेवील. आजवर प्रेमानं सांगितल्यावर नाही म्हणणारा मला भेटला नाही. आणि भेटला तरी आपण मान वळवून नाम घेत पुढं जाऊ. नामाला तेवढं बळ नसेल तर शंभर वर्षं चालून आपण मिळवलं काय?

दारूची गोष्ट वेगळी. मुक्कामाच्या गावी आयाबाया उघड्यावर झोपतात, तिथं झिंगलेला माणूस नको. आषाढीला तर सरकारच दारू बंद ठेवतं. तिथं एकादशीचा हट्ट नाही, माणसाच्या रक्षणाचा प्रश्न आहे. त्या बंदीला माझा पाठिंबा.

शेवटची गोष्ट घरची आहे. माझा धाकटा मुलगा काही वर्षं एका कापडाच्या दुकानात कामाला होता. त्या वर्षी पालखी दुकानापुढून गेली. मालक हार घेऊन रस्त्यावर उभे होते, वारकऱ्यांना केळी वाटत होते. पोरगं आत गठ्ठे लावत होतं. मी दिंडीतून त्याला बघितलं, त्यानं पायरीवरून हात जोडले, आणि आतून हाक आली म्हणून वळला. त्याच्या बापाची दिंडी, आजाची दिंडी, पण त्याला चार पावलं चालायला मिळाली नाहीत. मालक वाईट होते असं नाही, केळी मनापासून वाटत होते. त्यांना सुचलंच नाही. तेव्हा आपल्याला दुकानदारांकडं काही मागायचंच असेल तर हे मागू. दुकान खुशाल उघडं ठेवा, पण ज्याला दर्शनाला जायचंय त्याला दोन तास सोडा, आणि त्याचा पगार कापू नका. ईदला, नाताळला, बुद्धपौर्णिमेलाही तसंच.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. तो अर्ज पंचायतीत देऊ नका. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तीन ओळी लिहा. आपल्या दिंडीतल्या ज्यांची दुकानं आहेत त्यांनी आपल्या खुशीनं एकादशी पाळावी. बाकीच्यांकडं आदल्या दिवशी हात जोडून जावं, दंडाची भाषा काढू नये. आणि कामाला असलेल्या पोरापोरींना पालखीच्या दिवशी सवड मिळावी म्हणून मालकांना भेटावं. पहिल्या भेटीला मी स्वतः येईन.

खाटीकमामा आता नाही. त्याचा नातू तेच दुकान चालवतो. पालखीच्या आदल्या दिवशी दरसाल तो मला फोन करतो, "आजोबा, दिंडी किती वाजता येणार? पडदा कधी टाकू?" माझ्या इतक्या वर्षांच्या कीर्तनाची बिदागी मला त्या फोनात मिळते.

काही कमीजास्त बोललो असेन तर लेकरू समजून क्षमा करा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!