पाय गेला, त्यात अंगावरून वारं गेलं

मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या माणसाच्या अंगावरून पुढे वारं गेलं, की घरचे हात टेकतात. मधुमेह पायाच्या आणि मेंदूच्याही रक्तवाहिन्या खराब करतो, म्हणून ही दोन संकटं एकाच घरात, एकाच देहावर येऊ शकतात. पण उभं राहण्याची आशा सोडू नका.

लकवा आणि कापलेला पाय एकाच बाजूला असतील, तर दुसरा धडधाकट पाय भार पेलतो. बाजू वेगळ्या असतील, तर वाट जास्त अवघड. अशा वेळी पलंगावरून खुर्चीवर स्वतः सरकता येणं, हेही मोठं यश माना.

कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाखाली सतत उशी ठेवू नका, सांधा आखडतो. लुळा हात खांद्यातून ओढू नका. चांगल्या पायाचा तळवा रोज तपासा. कृत्रिम पाय हलका आणि एका हाताने पट्टा लावता येईल असा मागा.

जालना जिल्ह्यातल्या श्रोत्यांनी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास अनेक सवलती मिळतात. मुंबईत हाजीअलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे कृत्रिम अवयव आणि व्यायामोपचार दोन्ही मिळतात.

आणि एक विनंती : तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर अंगारे-धुपारे नकोत. तात्काळ 108 ला फोन करा.