गावाचं नाव टाइप केलं, काहीच आलं नाही. मग?

आजचा भाग छोटा आहे, पण ऐकताना फोनवर नोट्स उघडून ठेवा, कामाला येतील.

माझा एक मित्र आहे, पनवेल तालुक्यातला, आगरी घरातला. त्याचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. घरं हलली, शेतं भरावाखाली गेली. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावानं एक बांध राखला होता. आजी म्हणायची, तो आपल्याच माणसांनी घातला. मित्राचा प्रश्न साधा आहे: याचा कुठे कागद असेल का? जमिनीवर दाखवायला आता काही उरलेलं नाही, म्हणून तो कागद शोधतोय.

त्यानं एका सरकारी पोर्टलवर गावाचं नाव टाकलं. शून्य रिझल्ट. म्हणाला, "संपलं, काही नाहीये."

थांबा. इथेच गोची आहे. अशा पोर्टलवरचा सर्च बॉक्स बहुतेक वेळा कागदातला मजकूर वाचत नाही. कुणीतरी त्या फाइलचं एका ओळीत जे वर्णन लिहिलंय, तेवढंच तो बघतो. आणि बरेच कागद तर अजून स्कॅनच झालेले नाहीत.

पुराभिलेखागारात कागद विषयानुसार लावलेले नसतात. ज्या कचेरीनं ते तयार केले, त्या कचेरीच्या शिस्तीनं ते ठेवलेले असतात. आपण इंजिनिअर लोक दुसऱ्याचा कोड हातात आला की आधी रीडमी उघडतो ना, तसंच. इथलं रीडमी म्हणजे फाइंडिंग एड, म्हणजे सूची, कॅटलॉग, हँडबुक. कोणत्या खात्याचे कागद, कोणत्या सालांचे, कसे लावलेत, हे ते सांगतं.

आपल्याकडे ही साधनं जुनी आहेत. मुंबई सरकारचं रेकॉर्ड ऑफिस १८२१ मध्ये सुरू झालं आणि किंडर्सली नावाच्या अधिकाऱ्यानं १९२१ मध्ये त्याचं हँडबुक छापलं. पुण्याच्या पेशवे दफ्तराचं हँडबुक गो. स. सरदेसाई यांनी १९३३ मध्ये काढलं. तिथे कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत, बहुतेक मोडी लिपीत. कोणत्या रुमालात रोजकीर्द आणि कोणत्यात प्रांत अजमास, हे आधी कळलं नाही तर रुमाल सोडत बसण्यात आयुष्य जाईल.

तर मित्राला मी तीन प्रश्न दिले.

पहिला: तेव्हा गाव कुणाच्या हाताखाली होतं? 'नवी मुंबई' शोधून काही मिळणार नाही, कारण सिडकोच मुळात १९७० ची. पनवेल आज रायगडात आहे, पण रायगड हे नाव १९८१ चं, त्याआधी कुलाबा. आणि १८८३ पर्यंत पनवेल कुलाब्यातही नव्हतं, ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणून १८८२ च्या जुन्या गॅझेटिअरमध्ये पनवेल ठाण्याच्या खंडात सापडतं. गॅझेटिअरच्या तळटीपा नक्की वाचा. कलेक्टरांच्या पत्रांचे, रिपोर्टांचे संदर्भ तिथे असतात. म्हणजे तीसुद्धा एक फाइंडिंग एडच.

दुसरा: तेव्हा नाव कसं लिहायचे? इंग्रज कारकून कानाला येईल तसं लिहायचे. ठाण्याचं टी-ए-एन-एन-ए, कल्याणचं सी-ए-एल-एल-आय-ए-एन. चार-पाच स्पेलिंगं करून बघा. गाव नाहीच मिळालं तर तालुका, नाहीतर जिल्हा.

तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: ही गोष्ट सरकारनं कोणत्या कारणानं लिहून ठेवली असेल? २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू होता, तेव्हा 'गाव नमुना नंबर १४' हे नाव बातम्यांत ऐकलं असेल. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. ते होतं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. शोधायची होती जात, आणि ती सापडत होती तिथल्या एका रकान्यात.

बांधाचंही तसंच. 'अमुक गावाच्या बांधाचा इतिहास' अशी फाइल कुणी उघडणार नाही. पण बांध फुटला की शेत बुडतं, शेत बुडालं की सारा माफ करा म्हणून अर्ज जातो. म्हणजे बघायचं महसूल खात्यात, ठाणे कलेक्टरच्या पत्रव्यवहारात, सारामाफी नाहीतर दुरुस्ती अशा मथळ्यांखाली. अर्ज करणाऱ्यांची नावं असलीच, तर तिथे.

सूचीतून चार गोष्टी टिपून घ्या: खातं, साल, व्हॉल्यूम नंबर, कंपायलेशन नंबर. मुंबईच्या पुराभिलेखागारात मागणीच्या चिठ्ठीवर हेच लिहायचं असतं. "आमच्या गावाचं काही आहे का?" असं विचारलंत तर समोरचा माणूस काय देणार? नंबर दिलात तर व्हॉल्यूम आणून देईल.

सातबारा, फेरफार यांचं काम असेल तर मात्र आधी 'आपले अभिलेख' पोर्टल बघा, मग तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम. पुराभिलेखागार त्यानंतर.

मित्राला बांधाचा कागद अजून मिळालेला नाही. पण हातात अकरा व्हॉल्यूमची यादी आहे आणि दर शनिवारी फोनवर चिडायचं काम संपलंय. सूची करणाऱ्यानं मथळ्यात कलेक्टरचं नाव लिहिलं, बांध घालणाऱ्यांचं लिहिलं नाही. म्हणून यादीत नाव दिसलं नाही, तरी आतल्या कागदात ते असू शकतं. तो कागद उघडून बघेपर्यंत "काही नाहीये" म्हणू नका.

तुमच्या गावाचा तालुका १९०० साली कोणत्या जिल्ह्यात होता? आज एवढंच शोधा. भेटू पुढच्या भागात.