संकटकाळीं घरचा निरोप
(सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यांत केलेलें भाषण)

२६ जुलै २००५ चा दिवस आपण विसरलां नसाल. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोकलगाड्या थांबल्या, दूरध्वनि मुके झाले. त्या रात्रीं कित्येक माता दाराशीं डोळे लावून बसल्या. पुष्कळांचीं मुलें कचेरींत सुखरूप होतीं. पण तें कळविणार कोण?

म्हणून प्रत्येक घरानें तीन गोष्टी ठरवाव्या. पहिली: दूरगांवचा एक नातलग मध्यस्थ नेमावा. शहरांतल्या शहरांत फोन न लागला, तरी बाहेरगांवीं कधीं कधीं लागतो. सर्वांनीं त्यासच खुशाली कळवावी. दुसरी: बोलण्याऐवजीं चार शब्दांचा लेखी संदेश धाडावा, तो पोंचण्याचा संभव अधिक. तिसरी: घरीं जातां न आल्यास कोठें भेटावयाचें, तें आधींच ठरवावें.

त्या नातलगाचा क्रमांक व साहाय्यासाठीं ११२ हा क्रमांक कागदावर लिहून मुलांच्या दप्तरांत, आजीच्या बटव्यांत ठेवावा. मोबाइल बंद पडला म्हणजे त्यांतले क्रमांकही त्याच्याबरोबर जातात.

आज जपमाळेची प्रार्थना संपतांच कोणी उठूं नये. पांच मिनिटें बसून हा कागद लिहावा. परमेश्वर आपल्या घरांचें रक्षण करो.